ढबीच्या पोटातला माणूस

आखूडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्यांच्या लायसन्सवर होतं, आणि ते लायसन्स कधी कुणी मागितलं नाही, कारण आखूडरावांनी आयुष्यात कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. उंचीनं बेताचे, इतके बेताचे की स्टिअरिंगमागे बसले की समोरून फक्त टोपीचा शेंडा दिसायचा. ती टोपीही स्टिअरिंगच्याच रंगाची. त्यामुळे त्यांची गाडी रस्त्यानं निघाली की चौकातली टवाळ मंडळी म्हणायची, बाजूला व्हा रे, आज पुन्हा गाडी एकटीच कामावर निघाली आहे.

गाडी अंड्यांची होती. कोंबड्यांच्या शेडवरून अंडी भरायची आणि शहरभरच्या बेकऱ्यांना पोचवायची, हे त्यांचं काम. आता अंडी हा मोठा मानी माल आहे. दगडविटा वाहणाऱ्याला घाईचा हक्क असतो, अंडी वाहणाऱ्याला नसतो. आखूडरावांनी त्यासाठी स्वतःची एक रीत बसवली होती. निघताना आधी गाडी वीतभर पुढे सोडायची आणि थांबायचं. कान मागे लावून ऐकायचं, मागचे ट्रे कुरकुरले का, एकमेकांवर सरकले का. सगळं गप्प असलं तर मगच निघायचं. खड्डा आला की त्याच्या काठावर गाडी जवळजवळ उभी करायची, पुढची चाकं हलकेच खाली उतरवायची आणि मागची त्याहून हलकेच. वळण येण्याच्या बऱ्याच आधी वळायची तयारी. आणि रस्ता ओलांडायला कुणी उभं असलं तर थांबून दिवे एकदा मिचकावायचे, कारण हॉर्न वाजवला की माणूस दचकतो, दचकलेला माणूस उलटसुलट पळतो, मग ब्रेक मारावा लागतो आणि ब्रेक मारला की अंडी फुटतात. सगळा हिशेब शेवटी अंड्यापाशी यायचा.

लग्न नवं असताना बायकोनं हट्टानं गाडी शिकून घेतली होती. बायको शिवणकाम करणारी, नवऱ्यापेक्षा बोटभर उंच, आणि ते बोट तिनं संसारात कधी विसरू दिलं नाही. शिकली झटक्यात. पण पहिल्या फेरीला बेकरीच्या दारात गाडी उभी केली तेव्हा मागच्या दारातून पिवळा ओघळ बाहेर आला. आखूडराव तेव्हा एकच वाक्य बोलले, तुझ्या हाती अंडी टिकायची नाहीत. ते वाक्य तिनं घडी घालून मनाच्या कपाटात ठेवलं, आणि वर्षानुवर्षं अधूनमधून काढून उन्हात घातलं.

तर एके दिवशी काय झालं, सिनेमा काढणारा एक दिग्दर्शक बेकरीसमोर चहा पीत उभा होता. डोक्यात एका मोटारीची गोष्ट घोळत होती. मोटार आपली आपण चालते, तिला राग येतो, लाज वाटते, घरातल्या पोरांवर ती जीव लावते, अशी काहीतरी गोष्ट. पण बिनड्रायव्हरची मोटार चालवायची कशी, हे काही सुचत नव्हतं. तेवढ्यात समोरून अंड्यांची गाडी आली. ड्रायव्हरची जागा रिकामी. खड्ड्याशी थांबली, विचार केला, उतरली, एका म्हातारीला डोळा मिचकावून वाट दिली आणि बेकरीच्या दारात शहाण्यासारखी उभी राहिली. दिग्दर्शकाच्या हातातला चहा तसाच राहिला. मग दार उघडलं आणि आतून आखूडराव खाली उतरले. दिग्दर्शक धावतच गेला म्हणतात.

सिनेमासाठी एक जुनी, उंच, गोल गालांची मोहरीच्या रंगाची मोटार आणली होती. तिचं नाव ठेवलं ढबी. कंपनीच्या मिस्त्रीनं, तो अंगानं चांगला भारदस्त, ड्रायव्हरची सीट आतून पोकळ केली. सीटच्या पोटात, थेट गाडीच्या तळावर, आखूडरावांनी बसायचं. पाय काळ्या कापडाखाली. गुडघ्यांशी एक छोटं स्टिअरिंग, आणि सायकलच्या चेननं ते वरच्या खऱ्या स्टिअरिंगला जोडलेलं, म्हणजे खालचं फिरवलं की वरचं आपोआप फिरल्यासारखं दिसणार. सीटचं कव्हर शिवायला आखूडरावांची बायकोच. डोळ्यांच्या जागी तिनं कव्हरच्याच रंगाची जाळी अशी बसवली की शेजारी बसलेल्यालाही कळू नये. आत बसलं की हुक बाहेरून मिस्त्री लावायचा. दिग्दर्शकाची अट एकच होती. ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, नात्यातल्यांना तर नाहीच. पोरांना वाटलं पाहिजे की ढबी जिवंत आहे.

पहिल्याच शॉटला घोटाळा झाला. ढबीनं फाटकातून बाणासारखं सुटायचं, असं ठरलं होतं. बाण सुटला खरा, पण आधी वीतभर पुढे आला, थांबला, कान देऊन ऐकल्यासारखा उभा राहिला आणि मग सुटला. इतक्या वर्षांची सवय पायातच मुरलेली, तिथे आखूडरावांचा काय इलाज. दिग्दर्शक कपाळाला हात लावणार, तोच कॅमेऱ्यामागची सगळी माणसं हसायला लागली. ढबी घराबाहेर पडताना घाबरली, आणि घाबरली तरी गेली, असं त्या सगळ्यांना दिसलं. दिग्दर्शकानं पटकथेतली तिखट, मस्तीखोर मोटार त्याच दिवशी खोडली आणि तिथे एक लाजाळू, समजूतदार, जरा भित्री मोटार लिहिली. सीटच्या पोटात घामानं निथळणाऱ्या आखूडरावांना मात्र हे हसणं कशाबद्दल आहे, याचा पत्ता लागला नाही.

आणि तिथूनच त्यांना तो ध्यास लागला. माणसं काय बघतात?

सिनेमा लागला, घराघरांतून माणसं पोराबाळांसकट लोटली. आखूडरावही बायकोला घेऊन गेले. भोवताली लोक हसून लोळताहेत, एक पोरगी तर ढबी चिखलात रुतल्यावर हमसून रडली, आणि आखूडराव अंधारात पायानं जमीन दाबताहेत. इथे क्लच जरा उशिरा सुटला. इथे गुडघा आखडला होता. इथे शिंक आवरली होती. पडद्यावर त्यांना ढबी दिसेचना, स्वतःचे पायच दिसत राहिले. बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, की सगळ्या सिनेमाभर तुम्ही माझ्या पायावर ब्रेक मारत होतात.

घरी सासूबाई होत्या, त्यांची तर ढबीवर भक्तीच बसली. त्यांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. जावई सिनेमा कंपनीत सामानाची ने-आण करतात, एवढंच त्यांना सांगितलेलं. सिनेमा बघून यायच्या आणि जेवताना जावयाला ऐकवायच्या, काय गुणाची गाडी, किती आर्जवी, पुढे जाण्याआधी विचार करते, म्हाताऱ्या माणसाला मान देते. आणि मग एक सुस्कारा. एकदा तर त्या सरळ म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका, पण तुम्ही त्या ढबीकडून थोडं शिकलं पाहिजे."

बायकोला ठसका लागला. आखूडरावांनी मान खाली घालून बरं म्हटलं. पण त्यांना राग नव्हता, नवल होतं. हात धुतल्यावर ते सासूबाईंशेजारी जाऊन बसले आणि खोदून खोदून विचारायला लागले. विचार करते म्हणजे नेमकं काय होतं? डोळे हलतात का? लाजते तेव्हा कुठून कळतं? सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ऊन कसं असतं हे विचारणाऱ्या, उन्हातच उभ्या माणसाकडे पाहावं. म्हणाल्या, ते सांगून कळत नाही, बघावं लागतं.

बघण्यासाठी माणसानं काय करू नये? एकदा ढबीच्या दुसऱ्या सिनेमाच्या शूटिंगला रस्त्यानं जाताना कापडाच्या दुकानाची मोठी काच आली, तर आखूडरावांनी जाळीतून तिकडे नजर वळवली. काचेत त्यांना मोहरी रंगाची एक मोटार दिसली आणि तिच्यात आपण बसलो आहोत हे माहीत असलेला एक माणूस दिसला. ढबी काही दिसली नाही. आणि समोरचा दिव्याचा खांब तेवढा थोडक्यात चुकला. मिस्त्रीला गळ घालून पाहिली, एकदा तू बसून चालव, मी बाहेरून बघतो. मिस्त्री बसला, म्हणजे अर्धा बसला. वरचा अर्धा आत जाईना आणि खालचा बाहेर येईना, शेवटी कव्हर उसवून काढावा लागला.

अशी काही वर्षं गेली. मग निरोप आला की ढबी आता म्युझियममध्ये जाणार. इंजिन काढून, पोट बंद करून, काचेपलीकडे कायमची उभी राहणार. त्याआधी रविवारी सकाळी थिएटरपासून म्युझियमपर्यंत शेवटची मिरवणूक, ढबी आपली आपण जाणार आणि दोन्ही बाजूंना पोरं उभी राहणार. चालवणार अर्थातच आखूडराव.

म्हणजे सगळं शहर ढबीला शेवटचं बघणार, आणि एकटे आखूडराव तेवढे बघणार नाहीत. त्या आठवड्यात त्यांची जेवणातली गोडी गेली. बायको मशीनवर बसून बघत होती. नवरा कशावर रुसला आहे, हे तिला दोऱ्याच्या ताणासारखं बोटाला कळायचं. शनिवारी तिनं पाय थांबवला आणि विचारलं, काय बोचतंय. त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचं त्यांनाच हसू आलं, या वयात हा कसला हट्ट.

"उद्या मी बसते," ती म्हणाली.

"तू?"

"सीट माझ्याच हातची आहे. आणि उद्या मागे अंडी नाहीत."

ते जुनं वाक्य दोघांच्या मधोमध येऊन बसलं, जाणता पाहुणा बसावा तसं. मग आखूडरावांनी क्लच कसा आहे ते सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. शिकवायचं नाही, म्हणाली, शिकवलंत तर ढबी पुन्हा तुमचीच व्हायची आणि उद्याही तुम्हाला तुमचे पायच दिसायचे.

रविवारी थिएटरच्या मागच्या अंगणात मिस्त्रीनं हुक लावता लावता जाळीत डोकावून पाहिलं. आतले डोळे नेहमीचे नव्हते. त्यानं काही न पाहिल्यासारखं केलं आणि शेवटचा हुक लावला.

आखूडराव सासूबाईंना घेऊन म्युझियमच्या अलीकडच्या वळणावर उभे राहिले. लेक कुठे आहे असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, गिऱ्हाइकाचं काम निघालं. गाडी नीट येईल का, ही काळजी होतीच, पण दुसरी भलतीच होती. पोरांनी म्हटलं ही आमची ढबी नव्हेच, तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, इथे उभं राहूनही आपल्याला नुसती मोटारच दिसली तर? मग पुढे बघायला काही उरणारच नव्हतं.

आधी हॉर्न ऐकू आला. आखूडराव दचकले. ढबीनं कधी हॉर्न वाजवला नव्हता. मग ती वळणावर आली. वळली नाही, आलीच, पदर खोचून यावं तशी. रस्त्यात शिरलेल्या एका सायकलवाल्याला तिनं झापलं, दोन लहान हॉर्न आणि एक लांब. पोरं आधी थबकली आणि मग आनंदानं किंचाळत तिच्या बाजूनं पळायला लागली. खड्डा आला. ती थांबली नाही, धाडकन उतरली आणि चढली, आणि वर आल्यावर अंग झटकल्यासारखी हलली. एक म्हातारी रस्ता ओलांडायला उभी होती. तिच्यापाशी मात्र थांबली, पण दिवे असे भक्कन लावले की आखूडरावांना शब्द ऐकू आल्यासारखे वाटले, या लवकर, आमटी गॅसवर आहे.

"आज काय झालंय हिला?" सासूबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "आज अगदी आमच्या लेकीवर गेली आहे."

आखूडरावांचे पाय जमिनीवर मोकळे होते, आणि ते मोकळे आहेत हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. क्लच कधी सुटला, गिअर कधी पडला, त्यांना काही म्हणता काही कळलं नाही. ते नुसते बघत होते. गोल गालांची, नाकावर राग असलेली, कुणाचं ऐकून न घेणारी आणि सगळ्यांची काळजी वाहणारी एक बाई रस्त्यानं येत होती, आणि ती मोटार होती.

ढबी त्यांच्यासमोर आली आणि उभी राहिली. पुढे म्युझियमचं उघडं फाटक होतं, आतून काचेचा प्रकाश दिसत होता. सगळा रस्ता चिडीचूप झाला. मग ती वीतभर पुढे आली. थांबली. मागे काही कुरकुरतंय का, हे ऐकत असल्यासारखी थांबून राहिली.

आत कोण आहे हे आखूडरावांना ठाऊक होतं. मागे अंडी नाहीत हेही ठाऊक होतं. तरी त्यांनी टोपी काढली, ढबीच्या दिव्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "काही फुटलं नाही. जा तू."

ढबीनं डोळा मिचकावला आणि ती आत गेली.

सासूबाई जावयाकडे टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. म्हणाल्या, चला घरी, आणि जाताना त्या लेकीच्या गिऱ्हाइकाकडून तिलाही घेऊन जाऊ, गुडघे आखडले असतील.