तीन नंबरचं दार

“सहीच करायचीय ना बाबा! कुणी जमीन लिहून मागितलीय का तुमच्याकडे?” मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

“जमीन दिली असती. ती माझी असती,” कडीकाका म्हणाले. “दार माझं नाही.”

“ऐका! एकतीस वर्षं त्या दाराशी संसार केला, आणि म्हणे माझं नाही,” काकूंनी मटार सोलता सोलता टोला हाणला. “पोराच्या पोटावर पाय देताय, एवढं तरी कळतंय का?”

टेबलावर, मटाराच्या सालांशेजारी, टाइप केलेला एक कागद होता. शुक्रवारी मतदानाची घंटी पूर्ण व्हायच्या आत आपण तीन नंबरचं दार लावलं, चूक आपली आहे, असं त्यात काकांच्या वतीनं लिहिलेलं होतं. खाली सहीपुरती जागा. कागद मंत्र्यांच्या कचेरीतून आला होता. मुलगा तिथेच हंगामी टंकलेखक. महिनाअखेरीस त्याची मुदत संपत होती. सही मिळाली तर नोकरी कायम, नाही तर हातात नारळ.

काका राज्याच्या सभागृहाचे दारवान. सत्ताविसाव्या वर्षी कामाला लागले तेव्हा जुन्या दारवानानं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. मतदान पुकारलं की पाच मिनिटं घंटी वाजते. वाजतेय तोवर उशिरा येणाऱ्या कुठल्याही सदस्याला आत घ्यायचं. थांबली की चारही दारांना कडी, मग बाहेर प्रत्यक्ष मुख्यमंत्री का उभा असेना. काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की घरीही रात्री नऊ म्हणजे नऊ, दाराला कडी. मुलगा कॉलेजात असताना कितीदा तरी पायरीवर बसून, खिडकीतून दिलेल्या ताटात जेवला होता. कडीकाका हे नाव गल्लीनं तेव्हाच ठेवलं.

शुक्रवारचा ठराव नदीच्या पाण्याचा होता. पाणी हा राज्याचा विषय. त्यावर केंद्राला कायदा करायचा तर आधी राज्याच्या सभागृहाची संमती लागणार. मंत्र्यांना ती द्यायची होती, त्यांच्याच पक्षातल्या काहींना नव्हती. मतदान पुकारलं तेव्हा मंत्री आणि त्यांच्या बाजूचा एक सदस्य खाली चहा पीत होते. ते जिना चढून आले तेव्हा कडी बसली होती. ठराव एका मतानं पडला. बाहेरून थापा पडत होत्या आणि आतल्या बाजूला काका कडीवर हात ठेवून उभे होते. आता त्यांनी चूक कबूल केली, की ते मतदान सदोष ठरवून पुन्हा घ्या म्हणता येणार होतं.

“पण बाबा,” सून चहा गाळता गाळता म्हणाली, “मंत्री म्हणजेच सरकार ना? सरकारला कसं बाहेर ठेवायचं?”

“अगं, सरकार सभागृहाच्या जिवावर चालतं. सभागृह सरकारच्या जिवावर नाही. आणि मी नोकर सभागृहाचा. मला नेमलं ते अध्यक्षांच्या सहीनं.”

“पगार मात्र कधी वाढवला नाही त्या अध्यक्षांनी,” काकू म्हणाल्या.

“अहो बाबा, कळणार कुणाला?” मुलगा पुढे सरकला. “घड्याळ लावून कोण बसलं होतं तिथं?”

काकांनी कागदावर बोट टेकवलं.

“मी होतो,” ते म्हणाले. “घंटी थांबली तेव्हा मला ते जिन्यावर दिसले होते. मी लगेच कडी नाही घातली.”

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“एक श्वास थांबलो. मग आणखी एक. तुझी नोकरी आठवली रे मला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पण ते मधल्या पायरीवर फोनवर बोलत उभे होते. दार लवकर नाही लागलं. उशिरा लागलं.” त्यांनी कागद मुलापुढे सरकवला. “तूच टाइप केलायस ना? टंकलेखन सुरेख आहे. एक खाडाखोड नाही. फक्त खरं नाही.”

मुलानं कागद उचलून हातात घेतला. “हे सांगितलंत तर चौकशी तुमचीच लागेल. निवृत्तीला चार महिने उरलेत.”

“लागू दे.”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. घरात शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांनी सालं एका बाजूला लोटली, पदरानं टेबल पुसलं.

“आमच्या ह्यांच्यापुढे मंत्रीसुद्धा थांबतो, असं मी गल्लीभर मिरवलंय,” त्या म्हणाल्या. “आता काय सांगू? हेच मंत्र्यासाठी थांबले?”

काकांची मान खाली गेली.

“दोनच श्वास ना?”

“दोनच.”

“कुणी आत आलं का तेवढ्यात?”

“कुणीही नाही.”

“मग दोन लिहा. लपवायचं नाही आणि उगाच वाढवायचंही नाही.” त्या सुनेकडे वळल्या. “त्यांचा चष्मा दे गं.”

काका कोरा कागद घेऊन लिहायला बसले. शाळेतल्यासारखं ठसठशीत, एकेक अक्षर जोखून. घंटी पूर्ण वाजली. त्यानंतर दोन श्वास थांबून मी दार लावलं. दरम्यान कोणीही आत आलं नाही. थांबायला नको होतं, ती चूक माझी. मुलगा खांद्यावरून वाचत होता. पेन अडलं तेव्हा त्यानं खिशातलं आपलं पेन काढून दिलं. काकांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि गणवेशाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

“सोमवारी साडेदहाला हे अध्यक्षांच्या कचेरीत देतोय,” ते म्हणाले. “तू दुसरी नोकरी बघायला लाग. अकराला सभागृह भरतं. मी दारावर असेन.”