भात्यातली भोकं

जेसल पार्कमधल्या त्या फ्लॅटवर मी एकटीने जाणं नवऱ्याला पसंत नव्हतं. "अनोळखी माणसाच्या घरी कसली जातेस? रविवारी मी येतो ना," तो म्हणाला. पण मला घडीचा जुना कॅमेरा हवा होता, मोठी १२० फिल्म लागणारा, आणि आपल्याला परवडेल असा क्वचितच विकायला निघतो. जाहिरातीत दिसलेला हा रविवारपर्यंत राहिला नसता. मी ऑफिसात हाफ डे टाकला आणि मीरा रोडहून रिक्षा केली.

दार सत्तरीच्या एका उंच, वाळलेल्या गृहस्थांनी उघडलं. मी आत गेल्यावर त्यांनी दाराची वरची कडीही घातली. घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हाच परत फिरावं असं वाटलं होतं, पण टेबलावर दोन कॅमेरे मांडलेले दिसले आणि मी खुर्ची ओढून बसले.

एक चकचकीत होता, त्यात अंतर मोजायची सोय होती. दुसरा साधा. अंतर अंदाजानेच लावायचं, कडेचं चामडं सोललेलं. दोन्हींची शटरं मी दाबून पाहिली, भिंगं उजेडात धरून बुरशी शोधली.

"खरं काम भात्याचं," काका म्हणाले. भाता म्हणजे भिंग आणि फिल्म यांच्यामधला तो घड्या पडणारा काळा भाग. "सुईएवढं भोक असलं तरी फिल्म फुकट जाते. अंधारात बघायला लागेल. या आत."

स्वयंपाकघराशेजारी बिनखिडकीची अडगळीची खोली होती. मी आत शिरले, मागून ते आले. त्यांनी दार लावलं, दिवा घालवला. माझा फोन पर्समध्ये, पर्स बाहेर टेबलावर. मी मागे सरकत भिंतीला टेकले.

त्यांनी मोबाइलची टॉर्च चकचकीत कॅमेऱ्याच्या भात्यात धरली. घड्यांच्या कोपऱ्यांत उजेडाचे बारीक ठिपके चमकले.

"हा गेला," ते म्हणाले. "आता दुसरा."

मग काहीतरी आपटलं. टॉर्च उलटी पडली आणि काळोख झाला.

"काका?"

फक्त जड श्वास, माझ्या अगदी जवळ. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम गप्प आहे. मी भिंत चाचपत दाराशी गेले, मूठ ओढली. दार आत उघडणारं होतं आणि ते हलेना. पायाला काहीतरी मऊ लागलं. खाली वाकून चाचपत मोबाइल शोधला, टॉर्च फिरवली. काका दाराला टेकून वाकडे पडले होते. चेहरा घामाने भिजलेला, डोळे अर्धवट उघडे.

आता वेगळीच भीती. हे इथेच गेले तर? मी कोण, इथे काय करत होते, कुणाला काय सांगणार?

त्यांचे ओठ हलत होते. कान जवळ नेला तेव्हा कळलं. "साखर."

काखेत हात घालून त्यांना कसंबसं बाजूला ओढलं, दार उघडलं. स्वयंपाकघरात एकेक डबा उघडत गेले. रवा, मीठ, पोहे. साखर सापडली तेव्हा निम्मी ओट्यावर सांडली. चिमटीने ती त्यांच्या गालात भरत राहिले. मग धावत जाऊन कडी काढली आणि समोरची बेल वाजवली.

शेजारीण दारातच थबकली. "आप कौन?" तिची नजर माझ्या घामेजल्या तोंडावरून उघड्या घराकडे गेली. मला घाबरून ती मागे सरली, हे मला स्पष्ट दिसलं.

"अंकल गिर गए हैं. शुगर," एवढंच जमलं.

मग मात्र ती पळत आली. "अकेले रहते हैं, खाना भूल जाते हैं," म्हणत तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने काका उठून बसले, सरबत प्यायले. माझ्याकडे पाहून त्यांनी पहिलं विचारलं, "दुसऱ्याला भोक नव्हतं ना?"

"बघितलंच नाही, काका."

"मग घरी नेऊन बघा. चांगला निघाला तर ठेवा."

तो चांगला निघाला. मी ठेवला. नवऱ्याला अर्धीच हकीकत सांगितली, आणि पुढे बरेच दिवस मी बाथरूमचं दार नुसतं लोटायचे, पण कडी घालत नव्हते.