कणकेची ओवाळणी

आमच्या मामाला निम्म्या जगाने गौरवलं, पण त्यातला एकही गौरव त्याच्या घरात सापडायचा नाही. मामा पखवाज वाजवतो. परदेशातली मंडळी उभं राहून टाळ्या वाजवतात, पदकं देतात, आणि हा गृहस्थ ती रुमालात गुंडाळून ठेवतो, ते थेट भाऊबीजेला पारनेरहून कोल्हारला येऊन आमच्या आईच्या ताटात ओवाळणी घालायला. आमच्याकडे बाजरीच्या डब्यात दोन पदकं आहेत. एका देशाने दिलेल्या चांदीच्या वाडग्यात आई विरजण लावते. "दही घट्ट लागतं त्यात," एवढंच तिचं त्या देशाबद्दलचं मत.

या सगळ्याचं मूळ कणकेत आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली, तरच तो घुमतो. मामा शिकत होता तेव्हा घरात गहू सणापुरता यायचा. आई आपल्या वाटणीची पोळी सोडून तेवढं पीठ त्याच्यासाठी राखून ठेवायची. मामा अजूनही परदेशी जाताना आईच्या हातचं पीठ घेऊन जातो. एकदा विमानतळावरच्या तपासनीसांनी त्या पुडक्यावरून त्याला दोन तास बसवून ठेवलं. शेवटी त्याने तिथेच कणीक मळून, पखवाजाला लावून वाजवून दाखवलं, तेव्हा सुटका झाली.

गेल्या वर्षी त्याला सगळ्यांत मोठा सन्मान जाहीर झाला आणि समारंभ नेमका भाऊबीजेला आला. त्या दिवशी बहिणीकडे जेवायला जायचं आहे, असं नकाराचं पत्र मामाने मला इंग्रजीत लिहायला सांगितलं. हे कळल्यावर आईचा जीव खालीवर झाला. आपल्यापायी भावाचा मान जायला नको, म्हणून ती आठवडाभर आधीच ताट-निरांजन घेऊन एसटीने पारनेरला गेली. माझी भाऊबीज आजच, असं म्हणून तिने त्याला पाटावर बसवलं. मामा मग निमूट गेला. परतला तो घरी न जाता थेट कोल्हारला, आणि ते पदक तिच्यापुढे ठेवलं.

"एवढं मोठं मला कशाला रे?" आई म्हणाली.

"अक्का, लोकांनी थाप ऐकली. कनीक कुनाची हुती, ते त्यांना म्हाईत न्हाई. मला हाय."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या वर्षी साडीच आण म्हणून बजावलं.

या भाऊबीजेला त्याने साडी आणली. आईचा हात आता फार थरथरतो, निरांजन विझतं की काय असं वाटत होतं. मामाने पाटावर बसूनच ताटाला खालून हात लावला. अशा दोघांच्या मायेत मी वाढलो, याचे आभार कुणाचे मानावेत ते मला कळत नाही. दोघांच्या हातांनी ताट हळूहळू फिरलं, आणि मामाने स्वतःलाच ओवाळून घेतलं.