जामखेडच्या वाटेवरची काळी तीन

नगरहून जामखेडला जायचं असेल तर आज गुगलबाबाला विचारा, तो दोन तास सांगेल. १९७१च्या जानेवारीत आम्हाला साडेचार तास लागले. त्यातला एक तास पंक्चरचा, एक तास चहाचा आणि उरलेला वेळ माझ्या नवऱ्याने गाडीबद्दल बोलण्यात घालवला.

माणसं तीन आणि वेडंही तीन. आमच्या ह्यांना गाड्यांचं. तिसऱ्या हाताची एक विलायती गाडी यांनी घेतली होती, आणि रविवारी माणसं देवळात जातात तसे हे तिच्या बॉनेटखाली जायचे. दुसरे सदाभावजी, यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांना रेडिओ, टेप, तारा, जे म्हणून झटका देईल ते प्रिय. भिंगारला लष्कराचं भंगार निघालं की भावजी पहिल्या रांगेत. आणि तिसरी मी, गाण्याची. मला गळा नाही, पण कान आहे, आणि कान असलेल्या माणसाचा घरात किती त्रास होतो हे यांना विचारा.

जायचं ठरलं ते माझ्या हट्टामुळे. नगरला मिशनच्या शाळेत मला सुवार्ताबाई नावाच्या बाई गाणं शिकवायला होत्या. ख्रिस्ती कीर्तनातली पदं शिकवता शिकवता मधेच दार लावून घ्यायच्या आणि आम्हा चार मुलींना मुलतानी ऐकवायच्या. त्या रागातली एक बंदिश त्यांच्या उस्तादांनी स्वतः बांधलेली होती. उस्ताद गेले, त्यांचे बाकीचे शागीर्दही गेले, आणि ती बंदिश एकट्या बाईंच्या गळ्यात राहिली. पुढे मोठ्या आजारपणात बाईंचा आवाज उतरला. त्यांनी लोकांसमोर गाणं सोडलं आणि निवृत्तीनंतर जामखेडच्या अलीकडे एका खेड्यात भावाकडे राहायला गेल्या. मी चार पत्रं टाकली. चौथ्याला उत्तर आलं: "ये. यंत्र आण. पण आधी मला ऐकवायचं. मी नको म्हटलं तर माझ्या देखत पुसायचं. कबूल असेल तरच ये."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार?

भावजींच्या मेहुण्याने आफ्रिकेहून स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला होता, पेटीएवढा मोठा आणि पेटीहून जड. अडचण एकच, बाईंच्या गावात वीज नव्हती. भावजींना अडचण आली की आनंदच होतो. त्यांनी भंगारातलं सामान जोडून एक खोकं तयार केलं. गाडीच्या बॅटरीची तार एका बाजूने आत, घरातल्यासारखी वीज दुसऱ्या बाजूने बाहेर. आमच्या स्वयंपाकघरात त्यावर बल्ब लावून दाखवला. "वहिनी, दोनशे तीस व्होल्ट! मोजून घ्या," म्हणाले. मी कशाने मोजणार, लाटण्याने?

रविवारी सहाला निघालो. पुढे हे दोघे. मागे मी, माझा तानपुरा, टेपरेकॉर्डर, खोकं आणि दशम्यांचा डबा. पेट्रोल तेव्हा लिटरला दीड रुपयाच्या आतच होतं, त्यामुळे रस्ताभर कोणी हिशेब केला नाही. चिचोंडी पाटील मागे पडलं आणि डांबराची एकच पट्टी उरली. समोरून बैलगाडी आली की आपली दोन चाकं मातीत. दोन्ही अंगांना ज्वारी उभी, कणसं भरलेली, आणि हवा अशी गार की काच वर करावीशी वाटेना.

"इंजिनातलं टॅपेट वाजतंय," हे एकदम म्हणाले.

"मला नाही ऐकू येत," भावजी.

"तुला कसं येईल? तुझे कान रेडिओच्या खरखरीने गेलेत. मालती, तुला येतंय?"

"येतंय," मी म्हटलं. "पण तालात आहे, राहू द्या."

यावर भावजींनी गाडी आणि गाणं दोन्ही शेवटी कंपनंच कशी, हे समजावायला सुरुवात केली. तानपुऱ्याची तार सेकंदाला इतक्यांदा हलते, इंजिन इतक्यांदा, घरातली वीज पन्नासदा. हे म्हणाले, "मग तुझ्या मते मी कार्ब्युरेटर साफ करतो ते संगीतच." भावजी म्हणाले, "बेसूर संगीत." कडा गावापर्यंत हेच चाललं. वाटेत बीड जिल्ह्यात शिरून पुन्हा नगर जिल्ह्यात यावं लागतं, हे नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, नाहीतर पाटी बघून वाट चुकल्यासारखं वाटतं. कड्याला चहा घेतला, आष्टीच्या पुढे पंक्चर काढलं, आणि साडेदहाला बाईंच्या दारात उतरलो. चर्च सुटायचं होतं. ओसरीवर कोंबड्या आणि आम्ही.

बाई आल्या. पांढरं लुगडं, हातात बायबल, पाठ अजून शाळेत होती तशीच ताठ. मी वाकले तर म्हणाल्या, "वजन वाढलंय तुझं." सोबत त्यांचे धाकटे भाऊ याकोबमामा, शेती करायचे आणि चर्चमधल्या भजनांना तबला वाजवायचे. त्यांनी सगळ्यांत आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

"लई म्हातारी हाय," म्हणाले.

"पण पळते," हे म्हणाले, जरा दुखावून.

"पळंल की. आमची बाई बी म्हातारीच हाय, पर सकाळी दोन मैल चालती."

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाच्या फोडणीचे, सोबत भाकरी आणि कांदा. जामखेडकडे थंडीत गेलात आणि कोणी शेंगोळे विचारले, तर पोट भरलंय असं चुकूनही म्हणू नका. यांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि ओसरीवर आडवे झाले.

मुलतानी तिसऱ्या प्रहरानंतरचा, म्हणून साडेतीनची वेळ ठरली. गाडी मागे घेऊन खिडकीला लावली. भावजी म्हणाले, "इंजिन चालू राहू दे, बॅटरी भरत राहील." मी म्हटलं, अजिबात नाही. त्या घरघरीत तानपुरा कुठे ऐकू येणार? हे कधी नव्हे ते माझ्या बाजूचे झाले, कारण उभ्या गाडीचं इंजिन तापवणं यांना पाप वाटायचं. इंजिन बंद. तेवढ्यात शेजारच्या विहिरीवर ऑईल इंजिन सुरू झालं, ठक ठक ठक. याकोबमामा बांधापर्यंत गेले आणि ओरडले, "आरं बंद कर ते, आमची बाई गानार हाय!"

इंजिन थांबलं. मग तो शेजारी स्वतःच येऊन कुडाला टेकून उभा राहिला.

बाईंनी पेटीवर सूर दाबून बघितला. पूर्वी बाई पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, म्हणजे काळी चारमध्ये, गायच्या. आता बोट एक पट्टी खाली, काळी तीनवर आलं. "इथेच बसतो आता आवाज," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. मी तानपुरा त्या सुराला उतरवला.

त्यानंतरच्या पंचवीस मिनिटांबद्दल मला फार लिहिता येत नाही. आवाज खरखरीत झाला होता. वरचा षड्ज लागताना आवाजाची कड थरथरायची. पण बंदिश जशीच्या तशी होती, एकेक जागा उस्तादांच्या हाताची. कोमल रिषभाजवळ बाई थांबल्या की वाटायचं, आता पुढे जायचं विसरल्या. आणि मग समेवर अशा यायच्या की तबल्यावरच्या मामांची मान आपोआप डोलायची. भावजी कानाला हेडफोन लावून यंत्राच्या सुया बघत होते. हे दारात उभे होते, चक्क गाडीकडे पाठ करून.

गाणं संपलं. बाई म्हणाल्या, "ऐकव."

भावजींनी रीळ उलटं फिरवलं, बटण दाबलं, आणि खोक्यातून एक मरगळलेला हुंकार निघाला. बॅटरी बसली होती. गाडीही चालू होईना. यांचा चेहरा घरात कोणी गेल्यासारखा झाला. मामांनी चार माणसं आणली, शेजारी धरून पाच. उतारावर ढकलली तेव्हा गाडी खोकली आणि लागली. भावजी म्हणाले, आता चालू इंजिनवर ऐकवू. हे म्हणाले, "आता बॅटरीला हात लावशील तर इथेच सोडून जाईन. दिवे लावून घरी पोचायचंय."

बाईंनीच तोडगा काढला. पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला त्या नगरला येणार होत्या. "तेव्हा ऐकेन. तोवर तशीच ठेव. आणि शब्द लक्षात ठेव."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भावजींनी मशीन भिंतीच्या विजेवर लावलं. मी पोळ्या करत होते. पहिला आ-कार आला आणि माझ्या हातातला गोळा तसाच राहिला. बाई काळी चारमध्ये गात होत्या. खरखर कुठे गेली होती देव जाणे. आवाज तेजस्वी, तरणा. शाळेत दार लावून गायच्या तोच. मला रडूच आलं.

भावजींचं तोंड मात्र पडलं. त्यांनी खोकं तपासलं आणि कबुली दिली. व्होल्ट मोजले होते, पण ती पन्नासची कंपनं मोजायची राहिली होती. टेपरेकॉर्डरची मोटर जोडल्यावर खोकं चव्वेचाळीसच देत होतं. तिकडे टेप हळू फिरली, इथे घरच्या विजेवर पूर्ण वेगाने फिरतेय, म्हणून सूर पट्टीभर वर आणि लय पुढे. रस्ताभर कंपनांवर व्याख्यान देणाऱ्या माणसाने नेमकं तेच मोजलं नव्हतं! यांनी त्यांना पुढची दोन वर्षं सोडलं नाही.

"दुरुस्ती सोपी आहे," भावजी म्हणाले. "याच खोक्यावर वाजवलं की बरोबर लागेल."

"कशाला?" हे म्हणाले. "गाडीला नवा रंग दिला तर कोण तक्रार करतं? बाई खूश होतील."

मी मनाशी ठरवून टाकलं. खरा आवाज ऐकला तर बाई पुसायला लावतील, याची मला खात्री होती. मग ती बंदिश संपली. तरणा आवाज ऐकला तर कोणती बाई नको म्हणेल? मी भावजींना सांगितलं, भिंतीच्या विजेवरच लावा आणि एक अक्षर बोलू नका. शिकवणाऱ्या बाईंना फसवायला निघाले होते मी, आणि तेही त्यांच्याच भल्यासाठी असं स्वतःला सांगत होते.

गुरुवारी बाई आल्या. डोळ्यांत औषध घातलं होतं, म्हणून डोळे मिटूनच बसल्या. टेप सुरू झाली. दोन आवर्तनं ऐकली आणि हात वर केला.

"पेटी आण."

मी पेटी पुढे ठेवली. चाचपून त्यांनी काळी तीन दाबली. "मी इथे गायले." मग काळी चार. "ही इथे गातेय. मालती, कोण आहे ही?"

भावजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं, आणि "वहिनींचा दोष नाही" असं खोटंही बोलले. बाई म्हणाल्या, "दोष तिचाच आहे. तिला कान आहे. तुम्हाला नाही." मग म्हणाल्या, "लावा परत. ऐकू तरी द्या."

पूर्ण ऐकलं. मला वाटलं डोळ्यांतून औषधच ओघळतंय.

"आवाज माझाच आहे, तिशीतला," म्हणाल्या. "गोड आहे. पण पळते बघ कशी. मुलतानीत कुठे एवढी घाई असते? तेव्हा खरोखरच अशी पळायचे मी. उस्ताद ओरडायचे. आता माझी लावा."

ह्यांनी खाली जाऊन गाडीची बॅटरी काढून वर आणली. भावजींनी खोकं जोडलं. तोच आ-कार, खालचा, खरखरीत. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते, पुसायचं बटण भावजींच्या बोटापासून वीतभर होतं. बाई ऐकत राहिल्या. कोमल रिषभाशी आवाज थांबला, लांबला, आणि बाईंनी मांडीवर हलकेच हात टेकवला.

"इथे," म्हणाल्या. "इथे मी थांबते. हे थांबायला मला तीस वर्षं लागली." टेप शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "पुसू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीने पोचवायला गेलो. पुढच्या सीटवर बसल्या आणि ताशी तीस मैलांच्या वर काटा गेला की यांच्याकडे नुसतं बघायच्या. त्या फेरीत पहिल्यांदा मला ज्वारीवरची पाखरं दिसली.

बाई जाऊन फार वर्षं झाली. गाडी विकली, हे गेले, सदाभावजीही गेले. त्यांचं खोकं माझ्याकडे माळ्यावर आहे आणि ते टाकायला माझा धीर होत नाही. मागच्या वर्षी मुलाने टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिथे वेग हवा तसा बदलता येतो म्हणे. त्याने दोन्ही ऐकवल्या, आधी जलद आणि मग संथ, आणि विचारलं, "आई, कुठली ठेवू? पहिली जास्त छान वाटतेय."

मी आता त्या दिवशीच्या बाईंपेक्षा मोठी आहे. सकाळी पेटीवर बसले की माझाही सूर काळी तीनच्या खालीच लागतो.

"म्हातारीची ठेव," मी म्हटलं.