मांडवातला फेटा

आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी माईकवर सत्कार होतात. पहिले पुढारी, मग त्यांच्या मागं फिरणारे, मग खताचे दुकानदार. नाव पुकारायचं, डोक्यावर फेटा बांधायचा, फोटो काढायचा. तोवर मुहूर्त टळतो आणि नवरी घामानं भिजते. मला हा प्रकार कधी आवडला नाही. पण आमच्या मालकांना त्या माईकवर आपलं नाव ऐकायचं होतं.

ते तोफखान्यात होते. लढाईत गेले, जिवंत आले. डावा कान मात्र तोफांनी नेला. फौज सुटल्यावर परतूरला कापसाच्या जिनिंगवर राखणदारी केली. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना खुर्ची मिळते. पुढारी आला की तीही मागं सरकते.

लग्नात ते उजवा कान कर्ण्याकडं करून बसायचे. टोपी काढून मांडीवर ठेवायचे, फेट्याला डोकं मोकळं पाहिजे म्हणून. सत्कार संपले की गुपचूप टोपी घालायचे. मी एकदा म्हणाले, "सांगू का कुणाला?" तर खवळले.

"खबरदार! त्यांना आठवलं तर बोलावतील. सांगून बोलावलं तर काय मजा हाये?"

यंदा उन्हाळ्यात घनसावंगीकडं माझ्या भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाचं कापड पिवळं. ऊन त्यातून गाळून खाली यायचं आणि सगळ्यांचीच तोंडं हळद लावल्यासारखी दिसायची. पंखे पाण्याचे तुषार उडवत होते. माईकवरची नावं विहिरीच्या तळातून आल्यासारखी वाटायला लागली आणि मला गुंगी आली. त्या गुंगीत मला आमचं लग्न दिसलं. लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव, रजेवर आलेला नवरा, आणि मागून आणलेला फेटा त्याच्या बारीक कापलेल्या डोक्यावरून सारखा डोळ्यांवर घसरतोय. हा मांडव कुठला नि तो कुठला, मला काही वेळ कळेना.

जागी झाले तर सिमेंटवाल्याच्या जावयाला फेटा बांधत होते. शेजारी मालक झोपलेले, टोपी मांडीवर. मी उठले आणि माईकवाल्यापाशी गेले.

"भाऊ, तिकडं माजी सैनिक बसलेत. लढाई केलेले." आणि नाव सांगितलं.

"आजी, आधी न्हाई का सांगायचं? फेटे संपले ना."

"एखादा असंल की."

"हाये एक. पण जल्दी पाठवा, भटजी ओरडून राह्यलेत."

त्यानं नाव पुकारलं, चांगलं दोनदा. तालुक्याची शान वगैरे म्हणाला. कोणी उठेना. मग म्हणाला, "आजी, तुम्हीच या." मी काही बोलायच्या आत फेटेवाल्यानं माझ्याच डोक्याला वेढे घातले.

"मावशी, मिशाच राहिल्या बघा!" बाया हसल्या.

मी तशीच परत गेले आणि मालकांचा खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले. त्या पिवळ्या उजेडात समोर फेटा. टोपी खाली पडली, टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला. ज्या माणसानं मला कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, त्यानं मला कडक सलाम ठोकला.

"अहो, मी हाये."

हात जरा वेळ तिथंच राहिला. मग खाली आला.

"आलं का नाव?"

"आलं. दोनदा."

"आणि मी झोपलो?"

"घोरत होता."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "तू सांगितलंस?"

"मला मांडवात कोण विचारतं?"

ते पटलं त्यांना. दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला. माझ्या मापाचा होता, वरच बसला. तेवढ्यात अक्षता पडायला लागल्या. जेवताना तो काढला नाही. जीपमध्ये पुढं बसून ड्रायव्हरला म्हणाले, "हळू चालव, शेमला उडतोय."

सकाळी त्यांनी तो उलगडला तेव्हा घड्यांतून मूठभर तांदूळ सांडले. मी झाडून कोंबड्यांना टाकले.