फ्रेंच ग्रंथ आणि आमचं भजनी मंडळ

माझ्या नवऱ्याने शेवटची काही वर्षं एका जुन्या फ्रेंच संगीतशास्त्राच्या ग्रंथाचं मराठी करण्यात घालवली. इंग्रजीवरून ते लिहीत, मी भाषा तपासत असे. पनवेलला ते हार्मोनियम शिकवत. ग्रंथाचं म्हणणं असं की अनेक स्वर एकत्र वाजतात तेव्हा त्यांच्या तळाशी एक मूळ स्वर असतो, आणि चाल पुढे जाते तसा तोही बदलत जातो. युरोपात यावर वाद झाला म्हणे. आमच्याकडे तो भजनी मंडळात झाला.

ते गेल्यावर मंडळाने वर्षश्राद्धाला पुस्तक छापायचं ठरवलं. मग मंडळाचे गव्हाणचे बुवा घरी आले.

"वैनी, पुस्तक चांगला हाय. फक्त मधला भाग काढू."

"का?"

"सा हालला त गानारा कुठं उभा ऱ्हायचा? आमी वाजवून बघितला. कानाला लागतं."

तो भाग म्हणजेच ग्रंथ होता. तो काढला की प्रस्तावना उरली असती आणि माझं शुद्धलेखन.

"माझ्यासमोर वाजवा," मी म्हटलं.

शनिवारी देवळामागच्या खोलीत जमलो. पेटीवाल्याने बसल्या बसल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा सुरू केला. त्याशिवाय इथे कोणी पेटीला हात लावत नाही. मग त्याने पुस्तकातलं उदाहरण वाजवलं. मूळ स्वर पंचमावर गेला तसा वरचा नी तंबोऱ्यात अखंड वाजणाऱ्या सा वर आदळला. खरोखरच कानाला लागलं. घरी हेच उदाहरण मी कितीतरी संध्याकाळी ऐकलं होतं, आणि ते असं कधीच वाजलं नव्हतं. घरी नवरा तंबोऱ्याशिवाय नुसती पेटी वाजवत.

"डबा बंद करा."

"वैनी, मग सा कुठं?"

"आधी बंद करा."

पेटीवाल्याने बुवांकडे बघून बटण दाबलं आणि पुन्हा वाजवलं. पंचमावरून सूर अलगद सा वर, आपल्या घरी परतले. त्याने न सांगता आणखी एकदा वाजवलं.

"चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतंय," तबलजी म्हणाला.

"तुला काय, तुला चर्च न् देऊळ सारखाच," बुवा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "खोटा नाय ह्यो. पन भजनाला नाय चालायचा."

"भजनाला वाजवा असं पुस्तकात कुठेच नाही."

भाग पुस्तकात राहिला. त्याच्या सुरुवातीला मी एक वाक्य घातलं: वाजवण्यापूर्वी तंबोरा बंद करावा. मूळ ग्रंथात ते नाही. तिथे त्याची गरज नव्हती. नवऱ्याला विचारता आलं नाही. पण ते वाक्य बरोबर आहे, आणि पुस्तकावर त्यांचंच नाव आहे.