वीस मण भाताचं गणित

शहनाजबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाचाडला एका हॉटेलात चहा पीत होतो. फोन खिशात ठेवला आणि चहा संपवला. आधी दुःख झालं असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आता त्या कुणाला काही सांगणार नव्हत्या... महिना होऊन गेला, तरी त्या क्षणाची लाज जात नाही.

महाडच्या शाळेत आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं गणित शिकवलं. माझी मुलं अपूर्णांकाला घाबरायची, त्यांची नाही. बाई फळ्यावर उश्र मांडायच्या. उश्र म्हणजे मुसलमान शेतकऱ्याने पिकातून गरिबांसाठी काढायचा वाटा. पावसावरचं पीक असेल तर दहावा, पाणी स्वतः उपसून घातलं असेल तर विसावा. "वीस मण भात झालं. पावसावर किती द्यायचं? पंपावर किती?" दोन मण, एक मण, उत्तरं पटापट यायची. मग त्या विचारायच्या, "पंपवाल्याला निम्मं का?" डोंगरातल्या वाडीवरची एक पोर एकदा म्हणाली, "बाई, पंपाला डिझेल लागतंय. पावसाला काय नाय." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "बरोबर. त्याचे कष्ट वजा केलेत."

तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनासाठी मी ते गणित मागून घेतलं. "शब्द जरा बदलतो, सगळ्यांना चालतील असे," मी म्हणालो. "उत्तर तेच येतंय ना सर? मग बदला." मी उश्रचं दान केलं, गणितातल्या युसुफ शेतकऱ्याचा गणपत केला. तक्त्याखाली नाव माझं एकट्याचं घातलं. जागा नव्हती, अशी स्वतःची समजूत काढली. परीक्षकांनी विचारलं, "पंपाला निम्मंच का?" कारण सांगायचं तर उश्र सांगावं लागलं असतं, आणि मग गणित कुणाचं तेही. "सोयीसाठी घेतलंय," मी म्हणालो. बाई मागेच उभ्या होत्या. पहिलं बक्षीस मला मिळालं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो, सगळं कबूल करायचं ठरवूनच. मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या यजमानांनी मुलीला सांगितलं, "सलमा, हेच ते सर. अम्मीचं गणित तालुक्याला नेलं ते. किती जणांना सांगायची ती..." सलमा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. बाई वह्या तपासायला तिथंच बसायच्या, खुर्चीच्या हातावर लाल शाईचे डाग होते. ती उठली. म्हणाली, "सर, इथे बसा."

आणि मी बसलो.